हळदीकुंकवासाठी गोडाची फळी : काय मांडावे, किती मांडावे, कसे मांडावे?

ओंबी | ४ जानेवारी, सकाळी ९.४०

नमस्कार. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. आम्ही पुण्यात राहतो. इमारतीतल्या आणि बाहेरच्या ओळखीच्या मिळून तीस जणींना बोलावणे आहे आणि वेळ संध्याकाळी पाच ते नऊ अशी दिली आहे. दरवर्षी मी प्रत्येकीच्या हाती भरलेली बशी देते. त्यात एक तिळाची वडी, एक पेढा, एक नारळाची वडी आणि थोडी मटारची उसळ असते. निम्म्या बश्या अर्धवट खाल्लेल्या परत येतात आणि ते उष्टे टाकून देताना जिवावर येते. म्हणून या वर्षी एक मोठी लाकडी फळी मांडावी, तिच्यावर गोडाचे सात-आठ प्रकार ठेवावेत आणि जिला जे हवे ते तिने आपल्या हाताने घ्यावे, असे मनात आहे.

असा एक प्रयत्न मागच्या ३१ डिसेंबरला मुलाच्या मित्रमंडळींसाठी केला होता आणि तो चांगलाच फसला होता. स्ट्रॉबेरीला लागून ठेवलेली शंकरपाळी तासाभरात सादळली, श्रीखंडाच्या वाटीभोवती लावलेले चिरोटे खालून ओले झाले आणि गुलाबजामांच्या वाटीला कोणाचा तरी कोपर लागून पाक थेट काजूपर्यंत वाहत गेला. छायाचित्र मात्र उत्तम आले होते!

यंदाची यादी अशी आहे : तिळाच्या वड्या, गुळपोळी, काटेरी हलवा, कंदी पेढे, चिरोटे, नारळाच्या वड्या, श्रीखंड, रसमलाई, स्ट्रॉबेरी, संत्री आणि पातळ केलेले चॉकलेट. फळी साधारण दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे. यातले काय गाळावे, किती करावे आणि मांडणी कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

चुलीपुढे | ४ जानेवारी, सकाळी ११.१५

प्रथम रसमलाई गाळा. जो पदार्थ पाकात किंवा दुधात तरंगतो आणि ज्याला चमचा आणि खोलगट वाटी दोन्ही लागते, त्याची जागा फळीवर नाही. उभ्याने गप्पा मारणाऱ्या आणि एका हातात वाणाची पिशवी धरलेल्या बाईला रसमलाई खाता येत नाही.

उरलेल्या पदार्थांची विभागणी रंगावरून किंवा आकारावरून न करता ओलाव्यावरून करा. चिरोटे, गुळपोळी आणि हलवा हे कोरडे. पेढे, नारळाच्या वड्या आणि मऊ तिळाच्या वड्या हे मधले. श्रीखंड आणि फळे हे ओले. कोरड्याला ओल्याचा शेजार मिळाला की तो सादळतोच, कारण कुरकुरीत पदार्थ आजूबाजूचा ओलावा ओढून घेतो, आणि स्ट्रॉबेरीत तर दहातले नऊ भाग पाणीच असते. कापलेल्या स्ट्रॉबेरीवर पिठीसाखर भुरभुरण्याचा मोह होतो, तोही टाळा. साखर तिच्यातले पाणी बाहेर काढते आणि पंधरा मिनिटांत फळाखाली लाल तळे साचते.

शेतात बांध घालतात तसा ओल्या आणि कोरड्या भागांच्या मधे काजू-बदामांचा किंवा पेढ्यांचा एक बांध घाला. पेढा स्वतः ओला होत नाही आणि शेजाऱ्यालाही ओले करत नाही. तुमच्या मागच्या फळीवर बांधच नव्हता, एवढेच काय ते चुकले होते.

श्रीखंड मोठ्या वाटीत न ठेवता लहान द्रोणांत किंवा काचेच्या छोट्या पेल्यांत प्रत्येकी दोन चमचे भरून शीतकपाटात ठेवा आणि एका वेळी सहाच पेले बाहेर आणा.

---

त्रैराशिक | ४ जानेवारी, दुपारी १.०५

किती करावे, एवढ्यापुरतेच लिहितो. तिसांना बोलावले की पंचवीस-सव्वीस येतात. दर व्यक्तीस चार लहान नग धरले तर शंभर होतात, त्यावर मुलांसाठी वीस वाढवा, म्हणजे एकशेवीस नग झाले. नग मात्र खरोखर लहान हवा, साधारण १५ ग्रॅमचा. बाजारचा पेढा २० ते २५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे तो घेतला तर अर्धा करून मांडावा लागेल. १५ ग्रॅमप्रमाणे एकशेवीस नगांचे १ किलो ८०० ग्रॅम होतात. श्रीखंड अर्धा किलो आणि फळे एक ते सव्वा किलो पुरावीत. घरच्या दह्याचे श्रीखंड करणार असाल तर एक किलो दह्याचा साधारण ४०० ग्रॅम चक्का पडतो आणि साखर मिसळल्यावर तुमची गरज भागते.

फळीचा विचार याहून महत्त्वाचा आहे. दोन फूट बाय दीड फूट ही फळी पूर्ण भरायची तर एकशेवीसच्या एकशेवीस नग एकदम मांडावे लागतील. तुमच्याकडे पाहुण्या एकदम येणार नाहीत, चार तासांत तुकड्या-तुकड्यांनी येतील. सहा वाजता येणारीला भरलेली फळी दिसेल आणि आठ वाजता येणारीला उरलेसुरले. फळी अर्ध्या आकाराची घ्या, तीस-पस्तीस नगच मांडा आणि बाकीचे डबे आत ठेवून तीन-चार वेळा भरा.

---

परसदार | ४ जानेवारी, दुपारी ४.३०

त्रैराशिक यांचे चार नगांचे गणित मला जास्त वाटते. संक्रांत ते रथसप्तमी या काळात शनिवारी एकच हळदीकुंकू असते असे नाही. तुमच्याकडे येणारी बाई आधी दोन घरी जाऊन, तिथला तिळगूळ आणि मसाला दूध घेऊन आलेली असते आणि तुमच्याकडून निघून चौथ्या घरी जायची असते. तिला गोडाची मिठी बसलेली असते. मी तीन नग धरीन.

आणखी एक सांगते. फळीवर तिखट-मिठाचा एक कोपरा ठेवलाच पाहिजे. भाजलेले खारे काजू, लहान बाकरवड्या किंवा पातळ पोह्यांचा कोरडा चिवडा ठेवा. त्याने तोंडाची चव पालटते आणि पुढचा गोड घास खावासा वाटतो. उसळ मात्र काढून टाका.

---

पितळी_परात | ४ जानेवारी, रात्री ९.५०

वरच्या सर्वांनी एक अडचण सोयीस्करपणे बाजूला ठेवली आहे, ती म्हणजे उष्ट्याची. एका मोठ्या फळीवर तीस जणींचे हात फिरणार, कोणी वडी उचलून परत ठेवणार, कोणाचे मूल स्ट्रॉबेरी चॉकलेटात बुडवून चावणार आणि पुन्हा बुडवणार. माझ्या सासूबाई अशा फळीवरच्या पदार्थाला हात लावणार नाहीत आणि त्यांच्या वयाच्या निदान पाच-सहा जणी तुमच्याकडे येतीलच. हा निव्वळ जुन्या वळणाचा प्रश्न नाही, स्वच्छतेच्या दृष्टीनेही त्यांचे म्हणणे रास्त आहे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र लहान चिमटा ठेवावा, फळीच्या डाव्या बाजूला पळसाच्या द्रोणांची चळत ठेवावी आणि यजमानीण किंवा घरातली एखादी मुलगी पहिला अर्धा तास फळीपाशी उभी राहून वाढून द्यावी. पहिल्या चार जणींनी द्रोण घेतला की पुढच्या आपोआप घेतात. पातळ चॉकलेटाचे सामाईक भांडे मुळीच ठेवू नये. चॉकलेट हवेच असेल तर स्ट्रॉबेरी आधीच बुडवून, गोठवून मांडावी.

लाकडी फळी म्हणजे नेमके काय, हेही सांगा. आमच्या परिचयात एकीने जेवायला बसायचा पाट उलटा करून त्यावर मिठाई मांडली होती. बसायच्या पाटावर खायचे पदार्थ पाहून दोघी-तिघींनी परस्परांकडे असे पाहिले की तो प्रसंग अजून विसरता येत नाही. फळीऐवजी परात वापरा. फक्त ती पितळेची असेल तर आतून कल्हई आहे ना ते तपासा, नाहीतर संत्र्याची फोड आणि श्रीखंड त्यावर कळकते. परातीत केळीचे पान घालायचे तर ते पुसून विस्तवावर हलके शेकून घ्या, म्हणजे घडीवर फाटत नाही, आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच त्यावर पदार्थ ठेवा.

---

दूरदेशी | ५ जानेवारी, पहाटे ५.२०

मी न्यू जर्सीत असते. इथे आम्ही मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तीन वर्षे अशीच फळी मांडतो आहोत, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

एक, तिळाची अ‍ॅलर्जी ही खरी आणि गंभीर गोष्ट आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून वेष्टनावर नोंदवणे बंधनकारक झाले आहे. भारतात आपण याचा फारसा विचार करत नाही, पण संक्रांतीच्या फळीवर जिकडेतिकडे तीळच असतो. तिळाचे पदार्थ एकाच कडेला, वेगळ्या ताटलीत आणि वेगळ्या चिमट्याने ठेवावेत. दाणे, काजू आणि नारळ कशात आहे हे लहान चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावे. एकदा आमच्याकडे एका मुलीच्या आईने दारातच विचारले, "तीळ कशाकशात आहे?" आणि चौघींपैकी एकीलाही नीट उत्तर देता आले नाही. गुळपोळीत तीळ असतो हे तर आमच्या लक्षातही आले नव्हते.

दोन, इथल्या कृषी खात्याचा नियम असा आहे की नाशिवंत पदार्थ दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नयेत आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास ठेवावेत. पुण्यातली जानेवारीची संध्याकाळ थंड असते हे खरे, तरी पाच वाजता ठेवलेले श्रीखंड नऊला कोणाला देऊ नये. चुलीपुढे यांनी सांगितलेली सहा-सहा पेल्यांची पद्धत त्यासाठीच उत्तम आहे.

---

ओंबी | ५ जानेवारी, सकाळी १०.१०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रसमलाई आणि चॉकलेटाचे भांडे काढून टाकले. द्रोण आणि चिमटे पटले. बसायचा पाट नाही, बाजारातून आणलेली सागवानी फळी आहे आणि तिच्यावर अजून कोणी बसलेले नाही. :-)

फळी लहान करण्याबाबत मात्र मन तयार होत नाही. तीस-पस्तीस नगांची फळी टेबलावर अगदी बापुडवाणी दिसेल. पाहुण्या आत येताच समोर भरगच्च काहीतरी दिसावे, हाच तर या प्रकारातला आनंद आहे. शिवाय माझ्या जाऊबाईंचे म्हणणे असे की ही सगळी परदेशी टूम आहे आणि आपल्याकडे असे काही नव्हतेच. त्यावर काय उत्तर द्यावे?

---

चुलीपुढे | ५ जानेवारी, दुपारी १२.४५

जाऊबाईंना रुखवत आठवून द्या. लग्नात मांडलेल्या रुखवतात लाडू, करंज्या, चिरोटे आणि अनारसे यांची आरास असतेच. गोडाचे पदार्थ मांडून लोकांना दाखवणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. फरक इतकाच की रुखवत पाहण्यासाठी असते आणि तुमची फळी खाण्यासाठी आहे. तुम्हाला जे भरगच्च दिसणे हवे आहे ते रुखवताचे आहे. खाण्याची फळी पहिल्या दहा मिनिटांतच विस्कटणार, हे गृहीत धरून मांडावी लागते.

लहान फळी बापुडवाणी दिसू नये यासाठी पदार्थांत उंची आणा. चिरोटे आडवे न पसरता एकमेकांना टेकवून उभे लावा. गुळपोळीच्या कातलेल्या त्रिकोणांची चवड रचा. हलवा एका उंच काचेच्या पेल्यात भरा, कारण तो नुसता पसरला तर घरंगळत सगळीकडे जातो आणि शेवटी पायाखाली येतो. मोकळ्या जागी सुट्या बोरांची आणि हरभऱ्याच्या घाट्यांची हिरवी-तांबडी भर घाला. सुगडात घालण्यासाठी ती तुम्ही आणणारच आहात. त्यांनी फळी भरते आणि गोडाचा एकही जादा नग लागत नाही.

---

मांडवी_काठ | ५ जानेवारी, दुपारी ३.३५

गोव्यात नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून आमच्या घरी कोंसुआदचे ताट येते. त्यात नेवऱ्या, कुलकुले, दोदोल आणि बेबिंकाचा एक तुकडा असतो. वरून क्रोशाने विणलेला रुमाल घातलेला असतो. आम्ही चवथीला त्यांच्या घरी नेवऱ्या पाठवतो. तेव्हा अनेक गोड पदार्थ एका ताटात मांडून वाटून खाणे ही टूम असेल तर ती आमच्याकडे फार जुनी आहे.

तुमच्या फळीवर गोव्याचे काही ठेवायचे असेल तर खाजें ठेवा. बेसनाची तळलेली कांडी, वर आले घातलेल्या गुळाचा आणि तिळाचा लेप, असा तो पदार्थ आहे. जत्रेत याचे ढीगच्या ढीग विकायला असतात. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि बेबिंकाला ते २०२३ मध्ये मिळाले. खाजें चार तास उघडे राहिले तरी त्याला काही होत नाही आणि त्यातल्या आल्याच्या तिखटपणाने परसदार यांना हवा असलेला पालटही मिळतो. दोदोल मात्र नारळाच्या रसाचा आणि तेलकट असतो. तो कापायचा तर सुरीला खोबरेल तेलाचे बोट लावून पातळ चकत्या काढाव्या लागतात आणि त्या एकमेकींवर रचल्या की चिकटतात. बेबिंका खोलीच्या तापमानाला आल्यावरच कापा, नाहीतर थर सुटतात. त्यात अंड्याचे बलक असतात, त्यामुळे तुमच्या पाहुण्यांत कोणी ते खात नसल्यास चिठ्ठीवर तसे लिहा.

---

पितळी_परात | ५ जानेवारी, सायंकाळी ६.२०

तिळाच्या वडीबद्दल कोणीच काही बोलले नाही आणि संक्रांतीच्या फळीवर तीच मुख्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बशीत एक मोठी वडी द्यायची तेव्हा ती कडक झाली तरी चालत असे, कारण खाणारी ती घरी घेऊन जात असे. फळीवरची वडी उभ्याने, एका घासात, दाताला त्रास न होता खाता आली पाहिजे.

२५० ग्रॅम तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. १०० ग्रॅम दाण्याचे जाडसर कूट घ्या. गूळ ३०० ग्रॅम, त्यातला निम्मा चिक्कीचा आणि निम्मा साधा. नुसता चिक्कीचा गूळ घेतला तर वडी दगड होते आणि नुसता साधा घेतला तर ती पडत नाही, भुगा होतो. चमचाभर तुपावर गूळ विरघळवा, फेस आला की एक थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाका. बोटांत धरल्यावर त्याची मऊ गोळी वळली की लगेच आच बंद करा. तो थेंब वाटीच्या काठावर टणकन वाजला तर पाक पुढे गेला, त्याची आता चिक्कीच होईल. तीळ, कूट आणि वेलचीपूड घालून भरभर ढवळा, तूप लावलेल्या पोळपाटावर ओता आणि तूप लावलेल्या लाटण्याने सारखे लाटा.

इथून पुढे तुमच्याकडे दोन मिनिटे असतात. उष्ण असतानाच सुरीने रेघा पाडा, पाऊण इंचाच्या चौकोनांच्या. गार झाल्यावर रेघेवर नुसते दाबले की वडी सुटते. मी एकदा दारावरची घंटा वाजली म्हणून उठले आणि परत येईपर्यंत सगळी लादी एकसंध झाली होती. मग ती बत्त्याने फोडावी लागली आणि वेडेवाकडे तुकडे मुलांच्या डब्यात गेले.

---

ओघळ | ५ जानेवारी, रात्री १०.१५

विकतचे पेढे घेणार असाल तर सुट्या मिठाईच्या तबकापुढे "या तारखेपर्यंत उत्तम" अशी पाटी आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ती तारीख लावणे दुकानदारांवर बंधनकारक आहे, परंतु गर्दीच्या दिवसांत कित्येक ठिकाणी पाटी दिसत नाही. फळीसाठी सातारी कंदी पेढा हीच योग्य निवड आहे. त्यातला खवा चांगला परतलेला असतो, म्हणून तो मऊ पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. "गुळाचे आहे, तुम्हाला चालेल," असे म्हणून दरवर्षी तिच्या हातात गुळपोळी ठेवली जाते. गूळ हा बहुतांशी साखरच असतो, त्यामुळे तिला तो साखरेइतकाच अपायकारक आहे. तिच्यासारख्यांसाठी फळीवर खारे बदाम, अक्रोड आणि चार स्ट्रॉबेरी असल्या तरी पुरे. आग्रह मात्र करू नये.

---

परसदार | ६ जानेवारी, सकाळी ८.३०

स्ट्रॉबेरीबद्दल थोडे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जानेवारीत पुण्यात ती भरपूर असते. खोक्यातला वरचा थर पाहून घेऊ नका, खालचा थर उघडून पाहा. फळे आदल्या दिवशी धुऊन ठेवू नका. मांडण्याच्या अर्धा तास आधी देठासकट धुवा आणि सुती पंचावर एकेक सुटी ठेवून वाळवा. देठ काढलात की आत पाणी शिरते. संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे धागे काढा, पण पातळ साल काढू नका, कारण सोललेली फोड लगेच रस सोडते. सफरचंद, चिकू आणि केळे यांच्या वाटेला जाऊ नका. कापल्यावर सफरचंद आणि केळे काळे पडतात आणि चिकू लगदा होतो.

---

दूरदेशी | ६ जानेवारी, सायंकाळी ७.००

एक राहिलेच. फळी आणि हळदीकुंकवाचे तबक एकाच टेबलावर ठेवू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी कुंकू लावताना चिमूटभर खाली पडले आणि ते पांढऱ्याशुभ्र श्रीखंडावर पडले. अत्तरदाणी आणि गुलाबदाणीही दूर ठेवा. गुलाबपाण्याचे चार थेंब चिरोट्यांवर पडले तर ते मऊ पडतात आणि अत्तराचा वास काजूला लागला की काजू खाववत नाहीत.

---

ओंबी | ६ जानेवारी, रात्री ९.१५

ही सूचना वाचून मी कपाळाला हात लावला, कारण माझ्या आराखड्यात दोन्ही एकाच टेबलावर होते.

अंतिम बेत असा ठरला आहे. फळी दीड फूट बाय एक फूट. डाव्या कडेला वेगळ्या ताटलीत तिळाच्या वड्या आणि खाजें, त्यापाशी चिठ्ठी आणि स्वतंत्र चिमटा. गुळपोळीही त्याच बाजूला. मधे उभे चिरोटे आणि हलव्याचा पेला. मग काजू-बदाम आणि पेढ्यांचा बांध. उजवीकडे नारळाच्या वड्या, स्ट्रॉबेरी, संत्री आणि सहा पेले श्रीखंड. तळाला बोरे आणि घाटे. हळदीकुंकवाचे तबक दारापाशी आणि फळी जेवणाच्या टेबलावर. एकूण एकशेवीस नग करते, तीन की चार हे प्रत्यक्षातच कळेल.

---

ओंबी | हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.३०

कालचा वृत्तान्त लिहिते. सत्तावीस जणी आणि सहा मुले आली. फळी चार वेळा भरली. दर वेळी आधी उरलेले नग काढून एका बशीत ठेवले, फळी पुसली आणि मगच नवे मांडले. नुसती वरून भर घातली असती तर चुरा आणि बोरांची पाने यांनी तिची कळा गेली असती. या कामाला मोजून चार मिनिटे लागत होती आणि माझी पुतणी ते अत्यंत गांभीर्याने करत होती.

सर्वांत आधी चिरोटे संपले, पहिल्या दीड तासातच. त्यांच्यापाठोपाठ खाजें. "हे काय आहे?" असे प्रत्येकीने विचारले आणि आल्याचा ठसका लागल्यावर दुसरे उचलले. श्रीखंडाचे पेले सहा-सहा करून बाहेर आणले, त्यातले दोनच परत आत गेले आणि ते आम्ही रात्री खाल्ले. ज्येष्ठ बायकांनी चिमटा आणि द्रोण पाहून हसून मान डोलावली आणि निःशंकपणे घेतले. पितळी_परात यांना हे मुद्दाम सांगते.

चुका दोन झाल्या. हलव्याचा पेला उंच होता खरा, पण एका तीन वर्षांच्या मुलाचा हात बरोबर तिथवर पोहोचला आणि त्याने मूठभर काटेरी हलवा तोंडात कोंबला. त्याच्या आईने वेळीच बोट घालून तो बाहेर काढला. असा कठीण, गोल पदार्थ लहान मुलांच्या हाताला लागेल तिथे ठेवायला नको होता, हे मला आधी सुचायला हवे होते. अख्खे काजू-बदामही मग मी टेबलाच्या आतल्या कडेला सरकवले. दुसरी चूक मुंग्यांची. सात वाजता टेबलाच्या एका पायावरून रांग चढू लागली. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या सरकवल्यावर ती थांबली, पण हे काम पाहुण्यांसमोर वाकून करावे लागले.

एकशेवीस नगांपैकी बावीस उरले. त्यात तेरा गुळपोळीचे त्रिकोण होते.

---

त्रैराशिक | दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.१०

म्हणजे तेहतीस जणांनी अठ्ठ्याण्णव नग खाल्ले. दरडोई तीनला किंचित कमी. परसदार यांचे बरोबर आणि माझे चूक.

---

परसदार | दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.५५

बरोबर असल्याचे समाधान आहेच, पण गुळपोळी एवढी का उरली याचे कुतूहल अधिक आहे. ती तर संक्रांतीची राणी!

---

ओंबी | दुसऱ्या दिवशी, दुपारी २.२०

मीही तोच विचार करत होते. गुळपोळीबरोबर तूप हवे असते आणि फळीवर मी तूप ठेवलेच नव्हते. कोरडा त्रिकोण तोंडात घेतल्यावर घोटभर पाणी लागते. दोघींनी तसे बोलूनही दाखवले. पुढच्या वेळी प्रत्येक त्रिकोणाला आधीच तुपाचे बोट लावून ठेवीन किंवा शेजारी साजूक तुपाची लहान वाटी आणि चमचा ठेवीन.

---

चुलीपुढे | दुसऱ्या दिवशी, दुपारी ३.००

वाटी नको, तीही सांडेल. बोटच लावा, आणि तेही मांडण्याच्या आधी दहा मिनिटे, म्हणजे तूप थिजून पोळीवर बसते आणि कोणाच्या शालूला लागत नाही. उरलेल्या तेरा त्रिकोणांचा हाताने चुरा करा, त्यावर गरम दूध आणि चमचाभर तूप घाला आणि उद्या सकाळी न्याहारीला घ्या.